पाठीमागं पांढरं पाहिजे

मानवतच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ.
दिवसभर मी माणसांना भिंतीपुढं बसवतो,
हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका,
आणि दहा मिनिटांत आठ प्रती कापून पाकिटात.
त्यामुळं असेल,
पौषातल्या रविवारी पहाटे पाचला
मी अशा गोष्टींकडं निघतो
ज्यांना हसू नका म्हणावं लागत नाही.

गोठे. आखाडे. वापर संपलेली पेवं,
तोंडावरची शिळा अजून तशीच.
कडब्याच्या गंजीला टेकवलेलं
एका चाकाचं गाडं.

पाटाच्या पलीकडं चौत्राबाईचा आखाडा गाठला
तेव्हा अंधार पातळ होत होता,
ताकात पाणी वाढवत जावं तसा.
काळ्या दगडाच्या तीन भिंती, चौथी तुराट्यांची.
पत्र्यावर दगड, दगडांवर दव.
आत रिकामी दावण,
गव्हाणीच्या कडेला
जिभांनी चाटून चाटून केलेला खळगा.
कोळ्यांनी आढ्यापासून मेढीपर्यंत
कितीतरी वर्षं काम चालू ठेवलेलं.

ट्रायपॉड मांडला. बोटं गारठलेली.
आता करडईच्या रानावरून सूर्य येईल,
तुराट्यांच्या फटींतून आत शिरेल.
मला फक्त सात मिनिटं हवी होती
आणि कुणीही नको होतं.

तर बादली वाजली.
"कशाचा फोटू घ्यायलास रे बाबा?"
आखाड्याचा, म्हणालो. जुना आहे ना.
तिनं आखाड्याकडं पाहिलं,
पाहुणे दारात आल्यावर
आपल्याच शेंबड्या पोराकडं पाहावं तसं.
"आसाच? आसा पारोसा?"

आणि मी नको नको म्हणेस्तोवर
खराटा घेऊन आत.

गेलं.
जाळी गेली, गव्हाणीतला भुसा गेला,
जे जे टिपायला आलो होतो ते
ती सपासप दाराकडं लोटत होती.
मी जीभ चावून उभा.
तिचा आखाडा, तिचा कचरा,
त्याला सुंदर म्हणायचा मला काय अधिकार.

तेवढ्यात ऊन आलं.

धूळ उठली होती म्हणून दिसलं ते.
एकेका फटीतून एकेक, तिरपं,
जणू आखाड्याला कुणी नव्या मेढी दिल्या
उजेडाच्या,
आणि त्यांच्यामधून एक वाकलेली पाठ
झाडत झाडत चाललेली.

किती वेळा बटण दाबलं ते मोजलं नाही.

छोट्या पडद्यावर तिला दाखवलं.
पदरानं डोळ्यांतली धूळ पुसून ती बघत राहिली,
मग नख टेकवून सांगू लागली,
"हितं कंधारी बांधायचा. तांबडा.
हितं त्याचा जोडीदार, मारका.
हितं गाय. मागं सरायची लई, म्हणून खुटा आत."
आणि मग, "पण मी कुठं हाय?"
ही काय. मी पाठ दाखवली.
"ती व्हय? म्या म्हणलं कडब्याची पेंढी."

आता खरा काढ, म्हणाली. तोंडाचा.
बँकेत मागायलेत,
पाठीमागं पांढरं पाहिजे म्हणतेत.

पांढरं कुठून आणायचं?
ताडपत्री निळी, भिंत काळी.
शेवटी सुनेनं पापड वाळवायचं जुनं धोतर आणलं,
ते दोन मेढींना बांधलं,
कंधारीच्या जागेवर.
हनुवटी खाली, म्हणालो. कान दिसू द्या.
हसू नका म्हणायचं राहून गेलं.

पैसे घेतले नाहीत, तर तिनं
करडईची कोवळी भाजी दिली, दवासकट.
कॅमेऱ्याच्या पिशवीला चार दिवस वास होता.

पाचव्या दिवशी ती दुकानात हजर.
फोटो परत आला होता.
हसताय म्हणले. आणि कोपऱ्यात दावं दिसतंय.

बसा, म्हणालो. भिंतीपुढचं स्टूल ओढलं,
दोन्ही दिवे लावले.
ती बसली नाही.
दाराआड पाहिलं, पडद्यामागं पाहिलं,
"खराटा कुठं ठिवतूस रे?"